पहिल्या स्टार्टची फळी

काढलेली चावी ट्रकात बसलेल्या संदेशच्या हातात होती आणि इंजिन तरीही ओरडत होतं. तू अंगातला शर्ट काढत होतास. बटणं सोडायला वेळ नव्हता म्हणून डोक्यावरून ओढलास, तर तो कोपरात अडकला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस जणांच्या देखत, नुसत्या बनियनवर. आणि ते चाळीस जण शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं, काका खेळ दाखवतायत.

"काका, अजून रेस द्या, अजून," असं मागून कोणीतरी म्हणत होतं.

मी तुझ्यापासून दोन हातांवर होते, कुंकवाची वाटी धरून. धुराचा रंग बदलला होता. मघापर्यंत काळा होता, आता निळसर पांढरा येत होता, दाट, जळक्या ऑईलच्या वासाचा. त्या रंगाचा अर्थ त्या मैदानात दोघांनाच कळत होता, तुला आणि मला. बाकीच्यांनी मोबाईल आणखी वर धरले. हवेच्या पाइपावरचा तो चकचकीत फिल्टर तू उपटून फेकलास, शर्टाचा बोळा करून पाइपाच्या तोंडात कोंबलास आणि वरून तळहाताने दाबून धरलास. आवाज खाली येऊ लागला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं.

पुढचं लिहीत नाही. मानेला लागलं, एवढं पुरे. इंजिन पुरतं थांबलं तेव्हा तू जमिनीवर होतास, आणि त्या शांततेत एकाने टाळ्या वाजवल्या. दोन-तीनच. मग त्याला कळलं.

त्या टाळ्यांची मला किळस येते, दिनू. तुझ्या रक्ताची आली नाही. माझी साडी, माझे हात, सगळं भरलं होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण कोणी जोरात हात झटकले तरी आता मी तिथून उठून जाते.

तुझं तेरावं होऊन आठवडा झाला. लोक येतात, चहा पितात आणि तुझ्याबद्दल असं काही बोलतात की मला वाटतं, मी चुकून दुसऱ्या कोणाच्या घरी बसले आहे. म्हणे देवमाणूस. तू कसला देवमाणूस. जेवताना बनियनला हात पुसायचास. गाळ्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचास की आधीचा मिस्त्री गाढव होता, आणि पुष्कळदा तो आधीचा मिस्त्री तूच असायचास. माझ्या हातची कुळथाची पिठी जळली तरी खायचास, पण खाताना तोंड असं करायचास की त्यापेक्षा ताट सरकवलं असतंस तर बरं.

माझा नवरा गेला तेव्हा भाऊ म्हणून तू टेम्पो घेऊन मानखुर्दला आलास, माझं सामान भरलंस आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलला नाहीस. चारकोपला उतरल्यावर म्हणालास, "बाय, सकाळी माका चाय लवकर लागता." बस. सांत्वनाला आलेल्या सगळ्या बायांमध्ये असं नेमकं कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सहाला उठले, आणि मग रोज उठत राहिले.

सव्वीस वर्षं तुझा डबा घेऊन मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात आले. तू जेवेपर्यंत नुसतं बसून काय करायचं, म्हणून ट्रेमध्ये नटबोल्ट धुवायला लागले. मग एकदा तू मला डोळे मिटायला सांगितलंस आणि विचारलंस, कुठला सिलिंडर चुकतोय. मी म्हटलं, मागून दुसरा. तू शाबासकी दिली नाहीस, पाना माझ्या हातात दिलास. चौथी शिकलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही, दिनू. तू विचारलंस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, पण लिहून ठेवते.

मग गाळ्यातलं काम आटत गेलं. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लागतो, त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्येच जातात. तू सकाळी शटर वर करायचास, पेपर वाचायचास, पाने पुसायचास. स्वच्छ पाने पुन्हा पुसायचास. तसल्या दिवसांत हे डिझेलवाले आले.

त्यांचा मोबाईलवर डिझेल गाड्यांच्या शौकिनांचा ग्रुप होता, बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतचा. संदेश त्यांचा पुढारी. मरोळला ऑफिसात बसणारा, पस्तिशीचा, बोलायला गोड. त्याने भंगारातून पुढे नाक असलेला एक जुना ट्रक आणला होता आणि त्याला त्यात डंपरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून हवं होतं. कशाला, म्हणून मी विचारलं. माल वाहायचा आहे का? तर नाही. "मावशी, पॅशन आहे," म्हणाला. आपल्या लहानपणी चाळीत दोन ड्रायव्हर राहायचे. कामावरून आले की गाडीकडे वळूनसुद्धा बघायचे नाहीत. आणि ही माणसं गाडीच्या चाकाला टेकून फोटो काढायची.

पण ते तुला विचारायचे. शनिवारी दुपारी सात-आठ जण गाळ्यात गोळा व्हायचे आणि तू स्टुलावर बसून सांगायचास. कुठलं इंजिन कुठल्या चेसिसला बसतं, आडवा दांडा कुठे कापायचा, माउंटिंगला रबर का हवं, गिअरबॉक्स जुनाच ठेवला तर काय होईल. ते वहीत लिहून घ्यायचे. मी त्यांना चहा द्यायचे आणि तुझ्याकडे बघायचे. तू दाढी रोज करायला लागला होतास.

मग मेळाव्याचं निघालं. चारकोपचं मैदान, रविवारची सकाळ, बारा-पंधरा गाड्या, बॅनर, स्पीकर, वडापाव. टी-शर्टवर तुझं चित्र. आणि धुराची स्पर्धा. हे मला आधी खरंच वाटेना. कोणाच्या गाडीचा धूर जास्त काळा, त्याला बक्षीस. ज्या धुराने आपण जन्मभर खोकलो, ज्याच्यासाठी तू गिऱ्हाइकाला झापायचास की नोझल घाण आहेत, लाज नाही वाटत, तो धूर मुद्दाम काढायचा आणि त्याला टाळ्या. तू तेव्हाच त्यांना हाकलायला हवं होतंस. तू हसलास. म्हणालास, पोरांची हौस.

इंजिन चढलं, पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट. तो लांब झाला होता, कापायला मरोळच्या लेथवर दिला होता, आणि तो काही रविवारपर्यंत येणार नव्हता. म्हणजे गाडी चालणार नव्हती, क्रेनने मैदानात ओढून न्यायची आणि नुसती ओरडवायची. दुसरी गोष्ट टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारा. तो भंगारातला. तू त्याच्या तोंडात बोट घातलंस, बोट ऑईलने भरून आलं. माझ्यासमोर तू संदेशला म्हणालास, सील गेलंय, उघडायला हवा, चार दिवस दे.

संदेश म्हणाला की तारीख जाहीर झाली आहे, पुण्याहून लोक निघतायत. "फक्त स्टार्ट करायचं आहे, काका. चालवायची कुठे आहे?"

तू पाना उचललास आणि पुसायला लागलास.

दुपारी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, नाही सांग. हेच तू वीस वेळा दुसऱ्यांना शिकवलंयस. डिझेलच्या इंजिनाला सील गळून ऑईल मिळायला लागलं की ते डिझेल तोडलं तरी थांबत नाही, आपलंच ऑईल पिऊन धावत सुटतं, चावी काढ नाहीतर काही कर. तू म्हणालास, "तू गप रव गो. काय्येक होवचा नाय. पाच मिन्टां चालवतलंय नि बंद करतलंय."

मी म्हटलं, टी-शर्टवर थोबाड छापलं म्हणून भुललास.

तू अर्ध्या भातावरून उठलास. हात धुतलेस, दारापर्यंत गेलास आणि तिथून पाठमोराच बोललास. "सात वर्सां माका कोणी काय इचारूक नाय, बाय. हे इचारतत."

मी राहिलेला भात झाकून ठेवला. राग आला होता मला. त्यानंतर दोन दिवस आपण चहा आणि डबा याच्यापलीकडे बोललो नाही. तुझं-माझं भांडण तिथेच राहिलं आहे, त्या दारात. मी जिंकले असं म्हणायला तू जागा ठेवली नाहीस.

आता ते दुसरं लिहिते. ते लिहायलाच बसले आहे.

तुझी एक फळी होती. फणसाची, दोन वीत रुंद, एका अंगाला ट्यूबचं रबर ठोकलेली. इंजिन बदललं की पहिल्या स्टार्टला हवेच्या पाइपावर फिल्टर बसवायचा नाही, पाइपाचं तोंड उघडं ठेवायचं, आणि ती फळी पुढच्या चाकाला टेकवून ठेवायची. इंजिन हाताबाहेर गेलं तर रबराची बाजू तोंडावर दाबायची. हवा तुटली की कसलंही इंजिन मरतं. तुझ्या गाळ्यात फळीशिवाय पहिला स्टार्ट कधी झाला नाही. ती मी सव्वीस वर्षांत तीनदा वापरली गेलेली पाहिली. तिन्ही वेळा तू नंतर चहा मागितलास, दुसरं काही नाही.

त्या रविवारी फिल्टर आधीच बसवलेला होता, कारण तो फोटोत छान दिसतो. पण फळी तू आणली होतीस. सवयीने चाकाला टेकवली होतीस.

इंजिनाची पूजा करायची ठरलं. मला पुढे केलं, काकांची बहीण म्हणून. स्पीकर होता, जनरेटर होता, बॅनर होतं, पण पाट कोणी आणला नव्हता. कलश जमिनीवर कसा ठेवायचा? मी इकडेतिकडे पाहिलं आणि ती फळी उचलली. मला माहीत होतं ती काय आहे. दुसऱ्या कोणी उचलली असती तर त्याला म्हणता आलं असतं की मला कुठे ठाऊक. मला ठाऊक होतं. रबराची बाजू खाली केली, वर खण पसरला, कलश ठेवला, नारळ ठेवला, लिंबू ठेवलं. पूजा झाली की परत ठेवू, असं मनात म्हटलं. मग कोणीतरी फळीसकट ती सगळी मांडणी उचलून बॅनरपाशी नेली, आणि मी कुंकवाची वाटी घेऊन गाडीला कुंकू लावायला आले आणि विसरले.

आणि तू पाहिलं नाहीस. तुझ्या हातात त्यांनी माईक दिला होता. पाने जागेवर आहेत का हे दोनदा बघणारा तू, माईकमध्ये बोलत होतास. लाइव्ह चालू आहे, काका, असं म्हणत होते ते. तू मान हलवलीस आणि संदेशने चावी फिरवली.

मग ते हाताबाहेर गेलं. तू डिझेल तोडलंस. थांबलं नाही. शाफ्ट असता तर गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून इंजिन बंद पाडता आलं असतं, तो मरोळला पडला होता. तू संदेशला ओरडून सांगितलंस, खाली उतर. तो उतरला नाही. चावी हातात धरून समोर बघत बसून राहिला, भीतीने गोठून. तेव्हा तुझा हात चाकाकडे गेला. मी तो हात पाहिला. तो तिथे चाचपला, काही नव्हतं, आणि तू मान वर करून शोधलंस. बॅनरपर्यंत माणसांची भिंत होती. तुला नारळ दिसला असणार, कारण मग तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. डबा उशिरा आणला की बघायचास तसं. आणि शर्ट काढायला लागलास.

तू तेव्हा मला शिवी दिली असतीस तर मला बरं पडलं असतं. तू म्हणालास, "बाय, मागे हो."

पोलिसांनी अपघात लिहिला. कोणी मला फळीचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. संदेश माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. त्याच्या मित्रांनी मोबाईलवर तुझा फोटो टाकला, त्याच्यामागे गाणं लावलं, खाली हात जोडलेली चित्रं. एकाने तर तोच व्हिडिओ टाकला, पातं तुटायच्या आधीपर्यंतचा. लिहिलं होतं, शेवटपर्यंत पॅशन. अक्षर बारीक, मी शेजारणीकडून वाचून घेतलं आणि मोरीत जाऊन ओकले. वयामुळे असेल.

तेराव्याच्या दिवशी संदेश आला, सोबत त्याच ग्रुपमधला मुलुंडचा केतन. केतनचा ट्रक तुला आठवत असेल. गाळ्यात उभा आहे, इंजिन तूच चढवलेलं, थोडी जोडणी राहिली होती. दोघांनी गुंडाळलेलं फ्लेक्स आणलं होतं. उलगडलं तर तुझा फोटो, मागे ढग आणि धूर. केतन म्हणाला की येत्या रविवारी त्याच मैदानात तुझ्या स्मरणार्थ मेळावा करायचा. राहिलेली जोडणी ते स्वतः करणार आणि तिथे ते इंजिन पहिल्यांदा सुरू करणार. दोन मिनिटं पूर्ण रेस, काकांना सलामी. मी नारळ फोडावा. आणि गाळ्याची चावी द्यावी.

मी म्हटलं, चावी देणार नाही.

केतन समजुतीने बोलायला लागला. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं, जरा मोठ्याने. गाडी त्याची आहे, आज ना उद्या तो घेऊन जाणारच, पण काकांच्या गाळ्यातून वाजतगाजत निघावी अशी सगळ्यांची इच्छा. जे झालं ते नशीब. काकांचं काम एकदम परफेक्ट होतं.

"परफेक्ट नव्हतं," मी म्हटलं. "टर्बोचं सील गळत होतं. त्याला माहीत होतं, या संदेशला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुझा टर्बो त्याच ढिगातला आहे."

संदेश खाली बघत राहिला. केतनने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला की बरं, असेल, पण ते काळजी घेतील. काका ठेवायचे तशी फळी ठेवतील. आणि मग तो सहज, अगदी सहज बोलून गेला, "तसं बघितलं तर त्या दिवशीपण फळी होतीच ना, मावशी. काका त्याशिवाय स्टार्टच करायचे नाहीत. म्हणजे फळीने काय फरक पडतो?"

दिनू, मी तोंड मिटून बसू शकले असते. चावी माझ्याकडे होती, माझ्या घरात बसून कोणी माझ्यावर जोर केला नसता. पण तो गाडी ओढून नेणार होता, कुठेतरी सुरू करणार होता, फळीचा उपयोग नाही असं मनात धरून. आणि ते त्याला मी शिकवलेलं असणार होतं, गप्प बसून.

"फळी नव्हती," मी म्हटलं. "मी उचलली होती. तुमच्या नारळाखाली होती ती."

शेजारीण चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. तिच्यासमोर हे बोलायचं नव्हतं मला. आता सेक्टरभर झालं आहे. खाली भाजीवालीपाशी बायका मी आले की विषय बदलतात. बदलू देत.

मग संदेश बोलला. "बॅनरजवळ मी नेली, मावशी. फोटोत नारळ येत नव्हता म्हणून. मला वाटलं, पाट आहे."

"पाटाला रबर असतं का रे," मी विचारलं.

"मी खाली बघितलंच नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि मग वाटलं, कुठल्या तोंडाने? त्याने खाली पाहिलं नाही. मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाळ्यावर आले. मी शटर वर केलं. केतनला म्हटलं, पाइप काढ आणि टर्बोत बोट घाल. त्याने घातलं. बोट ऑईलने भरून बाहेर आलं. मग पुसायला काही मिळेना म्हणून उभा राहिला, तर मी त्याला तुझं पुसायचं फडकं दिलं. त्याने टर्बो खोलायला घेतला. नट उलटा फिरवत होता, मी सांगितलं. रविवारी मैदानात काही झालं नाही. फ्लेक्स कुठे गेलं मला ठाऊक नाही.

तुझ्यावर माझा राग आहे, तो गेलेला नाही. तुला कळत होतं आणि तू मान हलवलीस. चार लोकांनी वहीत लिहून घेतलं म्हणून. पण तुला सात वर्षं कोणी काही विचारलं नाही असं तू म्हणालास, तेव्हा मी घरातच होते रे. मीही विचारलं नव्हतं. डबा ठेवायचे आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारायचे. हे त्या दारात मला सुचायला हवं होतं.

तुझा शर्ट इंजिनात अडकला होता, म्हणून ते थांबलं. नाहीतर फुटलं असतं, असं नंतर पाहायला आलेल्या मिस्त्रीने सांगितलं.

त्या सकाळी त्या इंजिनापाशी आपण तिघं होतो. संदेश आत बसला होता. तो जिवंत आहे, कामावर जातो. मी बाहेर उभी होते. मी जिवंत आहे.